मुक्काम पोस्ट आयर्लंड

आठ माणसं, सहा रात्री, एक नऊ सीटर गाडी आणि एक एक्सेल शीट. शीट अर्थातच माझ्याकडे होती. दोन वर्षं डब्लिनमध्ये काढल्यामुळे "तुला तिथलं सगळं माहीत असेल ना" असं म्हणून मंडळींनी सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात मारली. मला डब्लिनमधलं ऑफिस, भारतीय किराण्याचं दुकान आणि १५ मिनिटं उशिरा येणारी बस यापलीकडे काही माहीत नव्हतं, हे कोणालाही सांगून पटलं नसतं.

आठांत आम्ही सहा मित्र-मैत्रिणी, आणि एका मित्राचे आई-बाबा, पुण्याहून आलेले. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याची खोली हवी. काकांना रोज नवीन गादीवर झोप येत नाही. म्हणजे रोज बोचकी बांधून पुढचं गाव, हा प्रकार बाद. एका ठिकाणी दोन रात्री राहायचं, सकाळी निघून आजूबाजूचं पाहायचं आणि रात्री परत यायचं. असे तीन तळ. बेट सगळं मिळून महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडं मोठं, त्यामुळे नकाशावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात पश्चिमेचे रस्ते कोकणातल्या आतल्या रस्त्यांसारखे आहेत. ४० किलोमीटरला एक तास धरा, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर सव्वा.

तर शीट भरायला घेतली. खोल्या किती, पार्किंग आहे का, शाकाहारी नाश्ता मिळेल का, रात्री चालत जाऊन जेवता येईल का. शेवटच्या कॉलमने घोटाळा केला. सुंदर सुंदर फार्महाऊस बी-अँड-बी दिसायची, समोर समुद्र, मागे डोंगर, आणि जवळचं जेवणाचं ठिकाण आठ किलोमीटरवर! घराशेजारी घर नाही, कोपऱ्यावर टपरी नाही. मला प्रश्न पडला, यांची गावं कुठे गेली? आपल्याकडे शेतं बाहेर आणि घरं गावठाणात. इथे प्रत्येक जण आपापल्या शेताच्या मधोमध एकटा. मला वाटायचं, गोऱ्या लोकांना प्रायव्हसी लागते, म्हणून असेल.

तसं नाहीये. एका शनिवारी हे शोधायला बसलो आणि रविवार रात्रीपर्यंत त्यातच होतो. (बायको म्हणाली, बुकिंग कर, पीएचडी नको. असो.)

पश्चिम आयर्लंडमध्ये पूर्वी आपल्या वाडीसारख्या वस्त्या होत्या. त्यांना क्लाखन म्हणत. दहा-वीस घरं एकमेकांना चिकटून, भोवतीची जमीन सामाईक खंडाने घेतलेली, आणि चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून प्रत्येकाचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले. सातबाऱ्यावरून भांडलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढे दुष्काळ आणि जमीनदारांनी केलेली हकालपट्टी यात कित्येक वाड्या उठल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी, १८९१ मध्ये स्थापन झालेल्या कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने तुकडे एकत्र करून सलग पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळं घर बांधायला लावलं. १९०३ च्या वायंडम कायद्यानंतर तर कुळं मोठ्या प्रमाणावर मालक व्हायला लागली. म्हणजे माझ्या शीटमधल्या 'चालत जाऊन जेवण' या कॉलममध्ये जे सगळीकडे 'नाही' येत होतं, त्यामागे शंभर-दीडशे वर्षांचं राजकारण होतं.

आणि ही घरं पाहुणे का ठेवायला लागली? एक कारण म्हणजे, रिकाम्या खोल्या. १९५१ ते ६१ या दहा वर्षांत साधारण चार लाख माणसं देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला. पोरं लंडनला बांधकामावर, पोरी तिथल्या हॉस्पिटलांत नर्स, आणि त्यांच्या पलंगांवर चादरी तशाच. पुढच्या दशकात मोटारीने फिरणारे पर्यटक यायला लागले तसे ते पलंग कामाला आले. धंदा बहुतेक घरातल्या बाईचा. पूर्वी शेतकऱ्याच्या बायकोचे हक्काचे पैसे म्हणजे अंडी-लोण्याचे, आता त्यात पाहुण्यांचे आले. तेव्हा लग्न झालं की बाईला सरकारी नोकरी सोडावी लागे, तो नियम थेट १९७३ मध्ये गेला. घरबसल्या स्वतःच्या नावाने कमवायचा मार्ग म्हणून बी-अँड-बीकडे पाहिलं की भिंतीवरचे मुलांचे पदवीदान समारंभाचे फोटो वेगळे दिसायला लागतात.

आणखी एक भानगड कळली. 'गेस्टहाऊस' हा शब्द तिथे वाटेल त्याला पाटीवर लिहिता येत नाही. पर्यटन मंडळाकडे नोंदणी लागते, आणि या नोंदणीचं मूळ १९३९ च्या कायद्यात आहे. बी-अँड-बीला अशी सक्ती नाही. मोठ्या ग्रुपला साधारणपणे गेस्टहाऊस सोयीचं, कारण खोल्या जास्त. आम्हाला लागणार होत्या पाच. बी-अँड-बीत तीन-चारच मिळायच्या आणि मग दोघांना शेजारच्या, म्हणजे दोन किलोमीटरवरच्या घरी पाठवा.

याच्या दुसऱ्या टोकाला मोठी घरं, म्हणजे जमीनदारांचे वाडे. १९२० ते २३ या धामधुमीत यातली पावणेतीनशेच्या आसपास जाळली गेली. वाचली त्यातली काही हॉटेलं झाली. कॉनेमारातलं बॅलिनाहिंच हे नाव शीटमध्ये मी फक्त स्वप्न म्हणून टाकलं होतं, भाडं बघून लगेच लाल रंग दिला. पण मालकांची यादी वाचून थक्क झालो. आधी रिचर्ड मार्टिन, ज्याने १८२२ मध्ये जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटमधून मंजूर करून घेतला. त्याचा मुलगा थॉमस १८४७ मध्ये वर्कहाऊसमधल्या आपल्या कुळांना भेटायला गेला आणि तापाने मेला. कर्जात बुडालेली सगळी इस्टेट सावकारी करणाऱ्या एका विमा कंपनीच्या घशात गेली. आणि १९२४ पासून तिथला यजमान कोण? जामनगरचे जामसाहेब रणजितसिंहजी! हो, तेच, ट्रॉफीवाले. १९३३ मध्ये वारेपर्यंत उन्हाळ्यात तिथे येऊन मासे पकडायचे. काका हे ऐकून इतके खूश झाले की लाल रंग काढायला निघाले होते.

आता मुख्य गोष्ट. खूप काटछाट करून तळांसाठी सहा नावं उरली: वेस्टपोर्ट, क्लिफडन, एनिस्टायमन, किलार्नी, केनमेअर आणि डिंगल. रस्ते चांगले, दुकानं, जेवायची सोय, आणि सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर सगळं काही. मी आपला ऑप्टिमायझेशन केल्याच्या आनंदात होतो. त्याच रविवारी वर्कहाऊसची यादी समोर आली. सहाच्या सहा त्यात!

वर्कहाऊस म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात अन्न देणारी कोंडवाडावजा जागा. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. १८३८ च्या कायद्याने आयर्लंडचे आधी १३० आणि नंतर १६३ विभाग पाडले. प्रत्येकाच्या मध्यभागी शक्यतो एक बाजाराचं गाव आणि भोवती साधारण दहा मैलांची त्रिज्या. माणसाने घरातून निघून तिथे पोचावं इतपत अंतर. म्हणजे मी गुगल मॅप्स घेऊन जो प्रश्न सोडवत होतो, तोच १८३० च्या दशकातल्या अधिकाऱ्यांनी सोडवला होता, आणि उत्तरंही तीच आली होती. फक्त त्यांच्या गणितात माणसं उपाशी आणि पायी होती.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. लाखो गरिबांचं जेवण म्हणजे बटाटाच होता, दुसरं पीक खंड भरायला जायचं. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाख ७५ हजार माणसं होती, १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजार. साधारण दहा लाख मेली, दहा लाख जहाजांत बसून गेली. उत्तर-दक्षिण मिळून अख्ख्या बेटाची लोकसंख्या आज ७० लाखांच्या पुढे आहे, म्हणजे १८४१ चा आकडा अजून गाठलेला नाही. ब्रोशरमध्ये 'अस्पर्श निसर्ग' म्हणून जे फोटो असतात त्यातल्या डोंगरउतारांवर उन्हं तिरपी पडली की समांतर सऱ्या दिसतात. त्या बटाट्याच्या वाफ्यांच्या सऱ्या आहेत.

१८४७ मध्ये आणखी एक कलम आलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. मदत हवी तर आधी जमीन सोडा. हे वाचून मी खुर्चीतून उठून चहा करायला गेलो.

वेस्टपोर्ट आम्हाला महाग पडत होतं, म्हणून मी तिथून वीसेक किलोमीटर पश्चिमेला, लुईसबर्गच्या बाजूला बघायला लागलो. तिथून दक्षिणेला एक रस्ता डूलॉक नावाच्या तळ्याकाठून डेल्फीला जातो. तिथे स्लायगोच्या मार्क्विसने बांधलेलं शिकारीचं घर आहे, डेल्फी लॉज. पाहुणे उतरतात, मासेमारी करतात. फोटो असे की कोणालाही मोह व्हावा. ग्रुपमधल्या दोघांनी सरळ मत देऊन टाकलं: एक रात्र इथे, बाकी ठिकाणी कंजूषपणा करू.

३० मार्च १८४९, शुक्रवार. लुईसबर्गला मदतीवर जगणाऱ्या शेकडो लोकांची तपासणी होती, मदत चालू ठेवायची की नाही ते ठरवायला. तपासणारे दोन अधिकारी ती न करताच डेल्फी लॉजला मुक्कामाला गेले. निरोप आला, उद्या सकाळी सातला तिकडे हजर व्हा, नाहीतर नाव कटेल. लोक रात्रीच निघाले. थंडी, पाऊस, अंगावर चिंध्या. तिथे पोचल्यावर, लोक सांगतात त्याप्रमाणे, साहेब जेवत होते म्हणून थांबावं लागलं आणि शेवटी रिकाम्या हाती परत पाठवलं गेलं. परतीच्या वाटेवर माणसं पडली. त्या एप्रिलमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात रस्त्याकडेला सापडलेले सात मृतदेह आणि घरी न पोचलेले आणखी नऊ जण, असा हिशोब आहे. लोकांच्या तोंडी आकडा चारशेपर्यंत जातो. मला सोळासुद्धा पुरेसे वाटतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८७६-७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात घराजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवलं, वर मजुरी कापली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज केले. चालू शकतो म्हणजे फार भुकेला नसणार, हे लॉजिक दोन्हीकडे सारखंच.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. आधी शांतता, मग जोरदार वाद. एक म्हणाला, "अरे, असं बघायला गेलं तर शनिवारवाडापण बघू नकोस." दुसरीचं म्हणणं, आत्ताच्या लोकांचा काय संबंध, उलट तिथे राहून त्या भागात पैसे खर्च केलेले चांगले. दोन्ही मुद्दे खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तिथे राहायचं होतं. शेवटी काकू म्हणाल्या, "तुम्ही खुशाल राहा रे, घराचा काय दोष? मला मात्र तिथे घास उतरायचा नाही. आम्ही दोघं अलीकडेच थांबतो." मग कोणी काही बोललं नाही. लुईसबर्गजवळ एका शेतावरच्या घरी चार खोल्या मिळाल्या आणि एक जण दोन्ही रात्री बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपला. (मीच.)

दुसऱ्या दिवशी नेमकी संकष्टी. उपासाला काय चालतं हे घरच्या बाईंना समजावताना माझी त्रेधा उडाली. धान्य नाही, मीठ चालेल, दूध चालेल... "आणि बटाटा?" "हो हो, बटाटा चालतो!" बाई हसल्या. "उपवासाला बटाटा?" त्यांनी उकडलेल्या बटाट्यांची वाफाळती थाळी आणि शेजारी लोण्याचा गोळा आणून ठेवला. काकूंना सालासकट खायला दिले म्हणून जरा विचित्र वाटलं, पण चार खाल्ले.

मग डूलॉकच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला काळंभोर तळं, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मेंढ्या. वाटेत दगडी क्रॉस आहे. खाली मजकूर कोरलाय, एक वाक्य गांधीजींचं आहे, दुसऱ्याचा अपमान करण्यात माणसाला मोठेपणा कसा वाटतो अशा अर्थाचं. काका चष्मा पुसून पुसून वाचत होते. वारा इतका की दार धरून ठेवावं लागत होतं. डेल्फी लॉजच्या झाडीजवळून पुढे गेलो तेव्हा गाडीत कोणीच फोटो काढले नाहीत.

"किती झालं रे लुईसबर्गपासून?" काकूंनी विचारलं.

"एकोणीस किलोमीटर. अर्धा तास."

"आणि चालत?"

फोनवर बघितलं. चार तास दाखवत होता.