नाडी की श्वास?

बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे तेव्हाचे गुलबर्गा, हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८-८९ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावरचा एक वाद सरकारी खर्चाने तपासला गेला. त्याची कागदपत्रे आहेत ती लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकांत आणि १८९१ साली मुंबईत छापलेल्या अहवालात.

ईथर या भुलीच्या दुसऱ्या औषधावर मॉर्टन आणि जॅक्सन यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतले आणि पुढे श्रेयावरून ते हाडवैरी झाले. क्लोरोफॉर्मच्या वादात मालकीचा प्रश्न नव्हता. रोगी टेबलावर दगावतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, यावर डॉक्टरांत दोन तट होते. लंडनचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवा म्हणत; एडिंबरोचे सर्जन साइम यांचे शिष्य श्वासावर लक्ष ठेवत. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे साइम यांचेच शिष्य.

१८८८ च्या पहिल्या चौकशी आयोगाने लॉरींचे म्हणणे उचलून धरले. ‘लॅन्सेट’ला ते पटले नाही. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’चाच तज्ज्ञ बोलावला. त्या तिजोरीत बिदर-गुलबर्ग्याच्या रयतेचा शेतसाराही होता, हे विसरू नये. हे तज्ज्ञ, लॉडर ब्रंटन, आले ते हृदयाला धोका आहे असे मानूनच. डिसेंबर १८८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ला तार केली: कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून ४९० जनावरे, पैकी १२० जनावरांचा रक्तदाब यंत्राने नोंदवलेला, धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयाला थेट मुळीच नाही.

स्वतःचे मत मोडणारा निष्कर्ष कळवायला धैर्य लागते, आणि ते ब्रंटन यांनी दाखवले. तरीही तारेतले ‘मुळीच नाही’ हे शब्द मला धाडसी वाटतात. क्लोरोफॉर्म वाढवत जनावर मरेपर्यंत दिला, तर आधी श्वासच थांबणार. मोजमाप चोख होते, पण ते अतिमात्रेच्या मरणाचे होते. माणसे मात्र पुष्कळदा भूल नीट चढण्याआधीच, भेदरलेल्या अवस्थेत, अचानक जात. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रिनॅलिन मिळाले, तर हृदयाचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. घाबरलेल्या माणसाच्या अंगात हेच अ‍ॅड्रिनॅलिन आपोआप उसळते.