मालेगावचा 'शोले'

श्रोतेहो, नाशिक जिल्ह्यातले मालेगाव म्हटले की आपल्याला आठवतो नारोशंकरांचा किल्ला, आणि त्याहून जास्त आठवतात ते माग. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर घराणी मोसम नदीच्या काठी येऊन स्थिरावली. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले आणि गावाला रात्रंदिवस खडखडाटाची सवय झाली. हा खडखडाट थांबतो तो शुक्रवारी. त्या दिवशी मागांना सुट्टी असते. नमाज आटोपला की कामगार सिनेमाला निघतो. ही शुक्रवारची सुट्टी ध्यानात ठेवा, बरे का! पुढची हकीकत तिच्यामुळेच घडली.

या गावात नासिर शेख नावाचा एक तरुण व्हिडिओ पार्लर चालवी. लोकांना काय आवडते, ते कोठे हसतात, कोठे कंटाळतात, हे त्याने तिथे बसून पाहिले होते. सन २००० च्या सुमारास त्याने स्वतःच चित्रपट काढला, 'मालेगाव के शोले'. खर्च सुमारे ५० हजार रुपये! १९७५ सालचा मूळ 'शोले' तुम्ही पाहिला असेलच. त्यातले घोडे या पैशात कोठून आणायचे? मग डाकू सायकलींवर बसले आणि आगगाडीऐवजी बस लुटायला धावले. गब्बरसिंगाचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती. कॅमेरा लग्नाच्या चित्रणाचा होता. नट म्हणजे गावचेच लोक.

कोणी म्हणेल, ही तर निव्वळ नक्कल! नक्कल खरीच. पण आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाची नक्कल करतो तेव्हा आपण का हसतो? राजाचा तोरा आपल्या ओळखीचा असतो म्हणून. मालेगावला 'शोले' तोंडपाठ होता. तोच 'शोले' आता आपल्या बोलीत, आपल्या गल्लीतल्या माणसांच्या तोंडून ऐकू आला, आणि लोकांनी पार्लरात गर्दी केली. मोठा चित्रपट त्यांनी पाहिला होताच. या छोट्या चित्रपटात ते स्वतःला पाहत होते.

पुढे नासिरने 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. तो तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्या खटाटोपावर एक माहितीपट केला. तो २००८ चा. शिक्षकमंडळींनी तो जरूर मिळवून पाहावा. क्रेन नाही म्हणून बैलगाडीवर काम भागवलेले त्यात दिसते. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो! गावातली मुलगी पडद्यावर येणे शक्य नव्हते, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणलेली. खलनायक घाणीचा भोक्ता; मालेगावची गटारे पाहिलेल्याला ही कल्पना कोठून आली ते सांगायला नको.

आणि सुपरमॅन कोण? यंत्रमागावर काम करणारा शफीक. अंगाने अगदी किडकिडीत. चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे आणि हा हिरव्या कापडापुढे आडवा होऊन आकाशात उडतो आहे. पाहणारा आधी हसतो. पण त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की ते हसू जरा आवरते. चित्रीकरण चालू असतानाच त्याचे लग्नही झाले.

माहितीपट देशोदेशी दाखवला गेला आणि मालेगावचे हे चित्रपट दूरदूरच्या रसिकांना ठाऊक झाले. रीमा कागती यांनी या मंडळींच्या कथेवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याआधी, २०१२ साली, मूळ माहितीपटही भारतातल्या चित्रपटगृहांत लागला होता. शफीक तेव्हा हयात नव्हता. तोंडाच्या कर्करोगाने तो गेला होता.