काळीचे उन्हाळी पाणी

धारवाडला नदी नाही, असे सांगितले की बाहेरगावच्या पाहुण्यांना ते खरे वाटत नाही. पावसाचे गाव म्हणून ज्याची ख्याती, त्याला नदी नसावी हे नवलच. पण कारण सरळ आहे. हुबळी-धारवाडचा प्रदेश जलविभाजकावर वसलेला आहे. सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला पश्चिमेकडे वळते आणि बेडती, पुढे गंगावळी, अशी नावे धारण करीत अरबी समुद्रास मिळते. उलट बेण्णीहळ्ळाचे पाणी मलप्रभेच्या आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. दोन समुद्रांना पाणी वाटून देणाऱ्या या भूमीच्या पदरी स्वतःसाठी तळीच तेवढी उरली. म्हणून जलविहाराची हौस असलेला आमच्याकडचा तरुण उन्हाळ्यात हल्याळमार्गे सुमारे ५५ किलोमीटरवरची दांडेली गाठतो आणि तेथून गणेशगुडीला काळी नदीवर जातो.

मागील मे महिन्यात आमच्या नातवाने हाच हट्ट धरला. त्याला कयाक चालवायची होती. आम्ही काठावर बसून त्याच्यावर लक्ष ठेवावे, असे घरात ठरले.

कयाक म्हणजे एका माणसापुरती, क्वचित दोघांपुरती, चिंचोळी होडी. तिचे वल्हे एकच, परंतु त्याला दोन्ही टोकांस पाती असतात. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडविली. तिच्यावर त्यांची शिकार, म्हणजेच त्यांचे पोट अवलंबून होते. तिला करमणुकीचे साधन बनविण्याचे श्रेय बरेचसे जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या होडीतून त्याने युरोपातील नद्या पालथ्या घातल्या. पुढील वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि अशा विहाराची टूम निघाली. आपल्याकडेही सांगाड्यावर कातडे ताणण्याची विद्या नवी नव्हती. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या दोमिंगो पायश या पोर्तुगीज प्रवाशाने टोपलीसारख्या गोल, आतून वेताच्या आणि बाहेरून कातड्याने मढविलेल्या नावांचे वर्णन करून ठेवले आहे. पंधरा-वीस माणसेच काय, घोडे आणि बैलही त्यांतून पलीकडे जात. कन्नडात त्यांना हरिगोलु म्हणतात. एकूण, होडी प्रथम गरजेची होती. हौस मागाहून आली.

गणेशगुडीच्या काठावर बसलो असता एक गोष्ट मनात घोळू लागली. वाटेतले ओढे कोरडे ठणठणीत होते. मग या नदीला ऐन मे महिन्यात इतके पाणी कोठून आले? शेजारी चहा घेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ मराठी जाणणारे निघाले. ते म्हणाले, “साहेब, हे पाणी वीजघरातून सुटतं. आमच्या लहानपणी या दिवसांत ही नदी आम्ही पायी ओलांडत होतो.” ते मूळचे सुप्याचे होते.

सुपा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर प्रथम गाव आले नाही, फाइली आल्या. काळी नदी जोयडा तालुक्यातील डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्रास मिळते. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा हे गाव होते. तालुक्यालाही त्याचेच नाव होते. जलविद्युत प्रकल्पासाठी तेथे १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, ते १९८७ साली पूर्ण झाले. सुमारे १४५ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या त्या जलाशयात सुपा बुडाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि गावकऱ्यांची रामनगर येथे वसाहत झाली.

धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांतून सुटलेले पाणी गणेशगुडीवरून खाली बोम्मनहळ्ळीच्या बंधाऱ्यात जाते आणि तेथून बोगद्याने नागझरीच्या मोठ्या वीजघराकडे. म्हणजे पावसाळ्यात अडविलेले पाणी विजेच्या गरजेप्रमाणे उन्हाळाभर सोडले जाते. संच चालू असले की नदी भरून वाहते, थांबले की खडक उघडे पडतात. कयाकवाल्यांचे वेळापत्रक त्यावरच ठरते. आमच्या नातवाची होडी ज्या लाटेवर उसळत होती, ती लाट कुणाच्या तरी घरचे पंखे आणि कुणाच्या तरी कारखान्यातील यंत्रे फिरवून आलेली होती.

सेवेच्या आरंभीच्या वर्षांत महसुली कामात असताना बुडीत क्षेत्रातील वाढीव मोबदल्याचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, झाडांची संख्या, हे रकाने आम्ही काटेकोरपणे तपासले. एखाद्या अर्जात मोजणीची चूक सापडली की तो परत पाठविण्यात आम्हांस कर्तव्याचे समाधानही वाटे. पण गाव पाहण्यास आम्ही कधी गेलो नाही. मे महिन्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाण्याची वाट कोणत्याच रकान्यात बसत नव्हती आणि तिची चौकशी करावी असे आम्हांसही सुचले नाही. त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही आमच्या नोकरीविषयी सांगितले. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. आमच्या वडिलांचा अर्ज तुमच्याकडे आला होता काय, एवढेच विचारले. आम्हांस आठवत नव्हते, आणि तसे सांगावे लागले.

यावरून कुणी हौस सोडावी असे आमचे म्हणणे नाही. वीज हवीच होती, आणि या पाण्यावर आज काठच्या तरुणांना रोजगारही मिळतो. होडीत बसण्यापूर्वी तेथील मार्गदर्शक मुलांना जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण घालण्याच्या सूचना देतात. त्यांत सुप्याविषयीची दोन वाक्ये घालता आली, तर वेळ किती लागेल? ज्या पाण्यावर आपण तरंगतो ते कोठून आले, हे कळल्याने आनंद उणावत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही नातवाला ही हकीकत सांगितली. धारवाड येईपर्यंत तो गप्प होता. घरी आल्यावर त्याने नकाशा काढला आणि विचारले, “आजोबा, सुपा कुठे आहे?” आम्ही धरणाच्या मागच्या निळ्या रंगावर बोट ठेवले.