न मागितलेली उधारी

कर्ज हवें असेल त्यानें सावकाराच्या ओसरीवर जावें, सावकारानें नांव, गांव, जमीन, जामीन विचारावा आणि मग वही उघडावी, हा क्रम सर्व देशांत फार जुना आहे. १८ सप्टेंबर १९५८ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या फ्रेस्नो शहरीं हा क्रम उलटा झाला. त्या दिवशीं बँक ऑफ अमेरिका या पेढीनें तेथील रहिवाशांस टपालानें सुमारें ६०,००० कार्डें पाठविलीं. तीं कोणीं मागितलीं नव्हतीं. अर्ज नाहीं, मुलाखत नाहीं, जामीन नाहीं. लखोटा फोडला कीं ३०० ते ५०० डॉलरांची उधारी मंजूर. "मंजुरी निश्चित, अमुक दिवस बिनव्याजी" असे जे निरोप आज घरोघर येतात, त्यांचें कूळ शोधूं गेल्यास तें या टपालापर्यंत पोंचतें.

ही पेढी केवळ धनिकांची नव्हती. अमेदेओ जियानिनी या इटालियन वंशाच्या गृहस्थानें ती १९०४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें काढली, आणि मोठ्या बँका ज्यांस दाराशीं उभें करीत नसत अशा स्थलांतरित मजुरांस व लहान दुकानदारांस तिनें कर्जें दिलीं. तेव्हां फ्रेस्नोच्या कार्डांमागें निव्वळ लोभ होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. सामान्य कुटुंबास नव्या खुर्च्या हव्या, मुलांस जोडे हवे; प्रत्येक दुकानीं निराळें खातें, प्रत्येक कर्जास निराळा अर्ज. बँकेचे अधिकारी जोसेफ विल्यम्स यांची कल्पना अशी कीं, कुटुंबाची पत एकदांच ठरवून टाकावी व त्यानें ती हव्या त्या दुकानीं वापरावी. अडचण मात्र बीज आधीं कीं वृक्ष आधीं, या जातीची होती. गिऱ्हाइकाजवळ कार्ड नसेल तर दुकानदार तें कशाला स्वीकारील? आणि दुकानदार स्वीकारीत नसेल तर गिऱ्हाईक तें कशाला मागेल? विल्यम्स यांनीं ही गांठ सोडवीत न बसतां सरळ तोडली: कार्डें आधींच वांटून टाकलीं. फ्रेस्नो निवडलें, कारण तेथील १०० कुटुंबांपैकीं सुमारें ४५ कुटुंबें याच बँकेचीं गिऱ्हाइकें होतीं. तीनशेंहून अधिक दुकानदारांनीं विक्रीवर ६ टक्क्यांपर्यंत दलाली देण्याचें कबूल केलें.

बिनव्याजी मुदत ही कांहीं बँकेची नवी युक्ति नव्हे. महिन्याचा हिशेब महिनाअखेर चुकता करण्याचीं खातीं अमेरिकेंतील मोठीं दुकानें पूर्वींपासून ठेवीत. आपल्याकडील वाण्याची वही तरी दुसरें काय होती? १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें फ्रँक मॅकनामारा यांनीं डायनर्स क्लब सुरू केला, त्याचेंहि कार्ड असेंच. महिन्याचें बिल पुरें भरावयाचें, व्याज नाहीं, क्लबाची मिळकत मुख्यतः भोजनगृहांनीं दिलेल्या ७ टक्क्यांची. फ्रेस्नोच्या कार्डानें यांत एक दुसरी वाट उघडली. मुदतींत सर्व रक्कम भरली तर व्याज नाहीं. थोडीशीच भरली तरी चालेल, मात्र उरलेल्या बाकीवर दरमहा दीड टक्का, म्हणजे वर्षास १८ टक्के. या एका कलमानें सारा धंदा बदलला. वेळेवर पैसे भरणारा गृहस्थ बँकेस दुकानदाराची दलाली तेवढी मिळवून देतो. बाकी ठेवणारा महिनोन्‌महिने व्याज देत राहतो. म्हणजे पहिल्याची बिनव्याजी मुदत पुष्कळ अंशीं दुसऱ्याच्या व्याजांतून निघते. आणि दुकानदारानें आपली दलाली मालाच्या किंमतींत घातली असेल, तर रोख मोजणाऱ्या तिसऱ्यावरहि तिचा भार पडतो. जाहिरातींत अर्थात् पहिलाच गृहस्थ दिसतो.

विल्यम्स यांचा अंदाज होता कीं १०० खात्यांपैकीं ४ थकतील. प्रत्यक्षांत २२ थकलीं. कर्जदाराची चौकशी टाळली होती, ती अशी भोंवली. टपालांतून कार्डें चोरीस गेलीं, परक्यांनीं तीं वापरलीं, आणि ज्यानें कार्ड मागितलेंच नव्हतें त्याच्या दारीं बिल येऊन पडलें. इतक्यांत प्रतिस्पर्धी पुढें जाईल या धास्तीनें बँकेनें सर्व कॅलिफोर्नियाभर वांटप रेटलें. अवघ्या तेरा महिन्यांत कार्डांची संख्या २० लाखांवर गेली. बँकेनें मान्य केलेला तोटा ८८ लाख डॉलरांचा होता. जाहिराती व इतर खर्च धरतां तो दोन कोटींच्या घरांत गेला. विल्यम्स बँक सोडून गेले. परंतु बँकेनें कार्ड सोडलें नाहीं. वसुलीची व्यवस्था घट्ट केली, खातीं चाळलीं, आणि १९६१ पर्यंत हा व्यवहार नफ्यांत आणला. इतर बँकांनीं जो बोध घेतला तो नेमका या शेवटच्या वाक्याचा.

मग १९६६ सालीं नाताळच्या तोंडावर शिकागोच्या बँकांनीं सुमारें ५० लाख कार्डें टपालांत टाकलीं. तान्ह्या मुलांच्या व मृतांच्या नांवेंहि तीं गेलीं. त्याच वर्षीं २९ जूनला इंग्लंडांत बार्कलेकार्ड निघालें. तेंहि दहा लाखांहून अधिक लोकांकडे न मागतांच पोंचलें. अखेर ऑक्टोबर १९७० मध्यें अमेरिकेंत कायदा झाला: अर्ज वा विनंति नसतां कार्ड धाडूं नये. ब्रिटननें १९७४ च्या कायद्यानें तीच वाट धरली.

कायद्यानें कार्ड थांबविलें. निमंत्रण थांबविलें नाहीं. आतां लखोट्यांत कार्डाऐवजीं "आपली मंजुरी आधींच झाली आहे" असें पत्र येऊं लागलें. त्यांत १९७८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, राष्ट्रीय बँक ज्या राज्यांत वसली असेल तेथील व्याजाचा दर ती अन्य राज्यांतील गिऱ्हाइकांसहि लावूं शकते. साउथ डकोटा राज्यानें व्याजाची मर्यादा उठविली, आणि सिटीबँकेनें १९८१ सालीं आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कहून तेथें हलविला. दराला छप्पर नाहीं म्हटल्यावर, ज्यास पूर्वीं कोणी उभें करीत नसे त्या बुडीत पतीच्या माणसासहि "निश्चित मंजुरी" देणें परवडूं लागलें. अशा कार्डांवर उधारी दोनशें-तीनशें डॉलरांची, आणि तिचा मोठा हिस्सा प्रारंभींच निरनिराळ्या शुल्कांत जावयाचा. स्वागत सर्वांचें, पण ओसरीचें भाडें आगाऊ! २००९ च्या कायद्यानें पहिल्या वर्षाचें शुल्क उधारीच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असूं नये असें ठरविलें. तेव्हां साउथ डकोटांतीलच एका बँकेनें शुल्क उतरवून ७९.९ टक्के व्याजाचें कार्ड पुढें केलें.

मुंबई इलाख्यांतील न्यायालयें एके काळीं हिंदु ऋणकोस दामदुपटीचा नियम लावीत: एका वेळीं मुदलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. कार्डाच्या व्यवहारास तसें कुंपण नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वर्षास ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास ४२ टक्के, असे दर आपल्याकडे अपूर्व नाहींत. बिनव्याजी ५० दिवस म्हणतात तेहि प्रत्येक खरेदीस मिळत नाहींत. बिल महिन्याच्या ३० तारखेस निघत असेल व पुढच्या २० तारखेपर्यंत भरावयाचें असेल, तर १ तारखेच्या खरेदीस जवळजवळ ५० दिवस मिळतात, २९ तारखेच्या खरेदीस अवघे २१. शिवाय मागील बाकी पुरी फेडली नसेल, तर नव्या खरेदीवर सामान्यतः पहिल्या दिवसापासून व्याज चालूं होतें. बिलांत "किमान देय" म्हणून जो लहान आंकडा असतो, तो भरल्यानें दंड टळतो, व्याज टळत नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें १ जुलै २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत न मागितलेलें कार्ड देण्यास बंदी आहे. तसें देऊन बिल आकारल्यास तें रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकास द्यावी लागते. कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत ग्राहकानें तें सुरू केलें नाहीं, तर बँकेनें ओटीपीद्वारें त्याची संमति विचारावी, आणि ती न मिळाल्यास कामकाजाच्या सात दिवसांत, कांहीं न आकारतां, तें खातें बंद करावें, असेंहि त्यांत लिहिलें आहे.