सतरा वर्षांचा पोरगा आणि १९०७ चं जळगाव

मंडळी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

काव्यस्पर्धेचा निकाल लागायच्या आधी मला थोडा वेळ बोलायला दिला आहे. तुमचं सगळं लक्ष त्या टेबलावरच्या पाकिटाकडे आहे, ते मला इथून दिसतंय. (हशा) म्हणून गोष्टही निकालाचीच सांगतो.

साल १९०७. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आपलं चोपडं पूर्व खानदेशात आलं आणि जिल्ह्याचं ठाणं झालं जळगाव. त्याच जळगावात मराठी कवींचं पहिलं संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हा माणूस पेशाने लष्करातला डॉक्टर, आणि नाद वनस्पतींचा. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसूंचा मोठा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. झाडंझुडपं ओळखणाऱ्या माणसाला कवींनी अध्यक्ष केलं. आज कुणी करेल असं वाटत नाही.

तर त्या संमेलनात एक पोरगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. गाव धरणगाव, म्हणजे इथून तापी ओलांडली की पलीकडेच. जन्म १३ ऑगस्ट १८९०, तेव्हा वय सतराच्या आसपास. वडील पोलीस खात्यात. त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि पोराच्या शाळेची पार ओढाताण झाली. त्याची कविता ऐकून कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी तो राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला. पदवीपेक्षा ते घर त्याला जास्त उपयोगी पडलं असावं, असं माझं मत आहे.

पदवीचा एक त्रासही झाला. बालकवी म्हणजे बालांसाठी लिहिणारा, असं आजही पुष्कळांना वाटतं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघातात हा माणूस गेला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. उदास, गडद कविता लिहून झाल्या होत्या. नाव मात्र ‘बाल’च राहिलं.

आता त्याच १९०७ सालाकडे परत या. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा एक खंड त्या वर्षी निघाला. त्यात आपली खानदेशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. ती भिली भाषांबरोबर ठेवलेली आहे. तो निर्णय बरोबर की चूक, यावर भाषेचे लोक अजून भांडतात. पण बघा, एकीकडे जळगावात मराठी कवितेचा सन्मान चाललाय आणि त्याच साली इथल्या घराघरातली बोली कागदावर मराठीबाहेर काढली जातेय.

आणि तिसरी गोष्ट. त्याच जळगावात तेव्हा चौधरींच्या घरात एक सून नांदत होती, बालकवींपेक्षा दहा वर्षांनी मोठी. बहिणाबाई. आसोद्याची लेक. लिहिता-वाचता येत नव्हतं. संमेलनाचं बोलावणं तिला येणं शक्यच नव्हतं, आणि तिच्या ओव्यांना कुणी तेव्हा कविता म्हटलंही नसतं. १९५१ मध्ये ती वारली. सोपानदेवांनी उतरवून ठेवलेली गाणी अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ ला पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. पण आजच्या आपल्या स्पर्धेचा अर्ज तिला भरता आला नसता. ‘स्वहस्ताक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला’ अशी अट आहे ना? (हशा)

हे मी हसत सांगतोय, पण माझ्या अंगावरचं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक होतो. शुद्धलेखनाला वीस गुण होते. एका मुलीने ‘माझी आई’ऐवजी सगळीकडे ‘मनी माय’ लिहिलं होतं. मी लाल पेनाने गोल करत गेलो. सातवा की आठवा गोल करताना कविता नीट वाचली. आई वावरात गेलीय आणि पोरगी धाकट्या भावाला झोपवतेय, एवढंच होतं. पण त्या गठ्ठ्यात तेवढीच खरी होती. मग गुण वाढवावे म्हटलं, तर तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. ती बक्षिसाच्या बाहेर राहिली. दोष तक्त्याचा कमी, माझा जास्त. पेन माझ्या हातात होतं.

चोपडा तालुक्यात तर अहिराणीवर भागत नाही. वर सातपुड्याच्या पायथ्याला वैजापूरकडे जा, पोरं घरी पावरी बोलतात. खाली लेवा पाटीदारांची बोली वेगळी, गुजर घरांची वेगळी. ही मुलं शाळेत येऊन आधी मराठी शिकतात आणि मग आपण त्यांना मराठीत यमक जुळवायला सांगतो. मग पाऊस, झाड, आई, तिरंगा. दर वर्षी तेच. मुलांचा दोष नाही, हेच आवडतं असं त्यांना आपणच कळवलेलं असतं.

प्रमाण मराठी नको, असं मी म्हणत नाही. नोकरीचा अर्ज तिच्यातच लिहावा लागणार. पण कवितेच्या स्पर्धेत शुद्धलेखनाचे गुण कशाला? बालकवींची कविता कीर्तिकरांनी तिथे ऐकली. पोराची वही तपासून पदवी दिली नाही.

म्हणून या वर्षी संयोजकांना मी दोन विनंत्या केल्या आणि त्यांनी त्या मानल्या. शुद्धलेखनाचा रकाना काढला. आणि पाकीट उघडायच्या आधी पाच मुलं आपापल्या कविता मोठ्याने म्हणतील. त्यातल्या दोन अहिराणीत आहेत, एक पावरीत. पावरी मला येत नाही. अर्थ ती मुलगी स्वतः सांगणार आहे. ये बेटा, माईक जरा खाली घ्या हो तिच्यासाठी.