नराश्वांतला गुरू

पंचांगातलं धनू राशीचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा, आणि हातात ताणलेलं धनुष्य. हे रूप आपल्याकडे आलं ते ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानंही या राशीचं वर्णन घोड्याच्या मागल्या अंगाचा धनुर्धर असंच केलं आहे. आपला किन्नर निराळा. त्याचं तोंड घोड्याचं नि अंग माणसाचं. आज ओळख करून घ्यायची आहे ती या ग्रीक नराश्वाची, म्हणजे सेंटॉरची.

ग्रीसमध्ये थेसली नावाचा प्रांत आहे. उत्तम घोड्यांबद्दल त्याची जुनी ख्याती. तिथल्या पेलिऑन डोंगराच्या झाडीत हे नराश्व राहात, असं ग्रीक सांगत. लॅपिथ लोकांचा राजा पिरिथूस याच्या लग्नाचं त्यांना आमंत्रण गेलं. पोटात दारू गेली मात्र, आणि पाहुणे नवरीलाच उचलून न्यायला धावले! लग्नघरी रणकंदन माजलं. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचं बांधकाम इ. स. पूर्व 447 मध्ये सुरू झालं. त्याच्या दक्षिण बाजूवर हीच लढाई कोरलेली होती. त्यातले बरेच शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. नियमानं वागणारा माणूस एकीकडे, अनावर पशू दुसरीकडे, असा या चित्रांचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

पण गंमत अशी, की ही रेघ ग्रीकांनी स्वतःच पुसली. या दांडग्या मंडळींत त्यांनी एक कायरॉन निर्माण केला. तो क्रोनसचा मुलगा, म्हणजे जन्मानंही इतरांहून वेगळा. वैद्यक, संगीत, शिकार यांत निष्णात. अकिलीस, जेसन आणि वैद्यांचा देव अस्क्लेपिअस हे सारे त्याचे शिष्य. माणसांतल्या श्रेष्ठांना घडवायला ग्रीकांनी गुरू नेमला तो अर्धा पशू!

आणि त्याचा शेवट पाहा. हेराक्लीसचा विषारी बाण चुकून कायरॉनला लागला. दुसऱ्यांना बरं करणाऱ्या या वैद्याला स्वतःची जखम काही बरी करता येईना. अमर असल्यामुळं मरणही येईना. अखेर त्यानं आपलं अमरत्व सोडून दिलं, आणि त्याच्या बदल्यात प्रोमीथ्यूस बंधमुक्त झाला, अशी कथा आहे. एव्हिया बेटावरच्या लेफ्कांडी इथं उत्खननात नराश्वाची एक मातीची मूर्ती सापडली. उंची सुमारे 36 सेंटिमीटर, काळ इ. स. पूर्व दहावं शतक. धड एका थडग्यात, शिर दुसऱ्यात. तिच्या पुढल्या पायाच्या गुडघ्यावर मुद्दाम पाडलेली चीर आहे. ही कायरॉनचीच जखम असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

असा प्राणी असणंच शक्य नाही, हे रोमन कवी ल्युक्रीशसनं पूर्वीच सांगून ठेवलं. त्याचा मुद्दा साधा: तीन वर्षांचा घोडा भर जोमात असतो, तर माणसाचं तीन वर्षांचं पोर झोपेत आईचं दूध शोधत असतं. दोघांचं वय जुळायचं कसं?

तर्क बिनतोड, पण कथाकारांनी नराश्वाला सोडलं नाही. जॉन अपडाइक या अमेरिकन लेखकाची ‘द सेंटॉर’ ही कादंबरी 1963 साली आली. तिचा नायक पेनसिल्वेनियातल्या एका शाळेतला विज्ञानशिक्षक. भर वर्गात त्याच्या घोट्यात बाण घुसतो, पोरं हसतात. दमलेला, कर्जानं गांजलेला हा मास्तर म्हणजेच कायरॉन. आणि स्वतःला खर्ची घालतो तो मुलासाठी. 1964 साली या कादंबरीला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. पुढं जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतल्या 2003 च्या पुस्तकात फिरेंझी नावाचा नराश्व माणसांच्या मुलांना शिकवायचं पत्करतो, म्हणून त्याचे जातभाई त्याला कळपातून हाकलून देतात.

लग्नात धिंगाणा घालणारे नराश्व दगडात कोरलेले राहिले. नव्या लेखकांना मात्र कायरॉनची पुन्हा पुन्हा आठवण झाली, कारण त्याच्या कथेतला प्रश्न अजून जुना झालेला नाही. दुसऱ्याला शहाणं करताना शिकवणाऱ्याला काय सोसावं लागतं, आणि त्याच्या जखमेकडे शिष्यांचं लक्ष जातं का? शाळेत आपल्याला शिकवलेले एखादे गुरुजी आठवून पाहावेत. उत्तर ज्याचं त्याला सापडेल.