पेन्सिल आणि शाई

सातबाऱ्यावरची पेन्सिल आणि सातबाऱ्यावरची शाई यांतला फरक मराठवाड्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. वह्या हाताने लिहिल्या जात त्या काळी जमिनीचा व्यवहार झाला म्हणजे तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद घेई. संबंधितांना नोटीस जाई, हरकतीला पंधरा दिवस मिळत. आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजे मगच सातबाऱ्यावरची पेन्सिलीची खूण शाईने पक्की होई. आधी काय आणि मागाहून काय, याचा क्रम १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने बांधून दिलेला आहे. नांदेड-लातूरकडे त्यापूर्वी हैदराबाद संस्थानचा महसुली कायदा चाले, आणि १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आजही भाऊबंदकीच्या दाव्यांत पुरावा म्हणून बाहेर निघते. एकदा शाई पडली की ती इतकी वर्षे बोलत राहते. म्हणून शाई केव्हा पडावी, आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

हाच प्रश्न संगणकाच्या पोटातही आहे. हिशेब करणारा कार्यक्रम म्हणतो, 'हे लिही.' आतली चालक-प्रणाली म्हणते, 'लिहिले.' वास्तविक तिने ते फक्त मेमरीत, म्हणजे पेन्सिलीने, टिपून ठेवलेले असते. डिस्क संथ असल्यामुळे बरेचसे काम साठवून ते एकदम डिस्कवर उतरवणे तिला परवडते. शिवाय उतरवताना ती क्रमही आपल्या सोयीने लावते. ट्रकमध्ये जी पोती दाराशी येतील ती आमचे हमाल आधी उतरवतात, तसेच हे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्समध्ये दर तीस सेकंदांनी साठलेले सर्व डिस्ककडे धाडणारा एक छोटा कार्यक्रम असे. मधल्या तीस सेकंदांत वीज गेली तर?

आमच्याकडे वीज जाणे ही 'तर'ची गोष्ट कधीच नव्हती. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत लातूर जिल्ह्यातील एका आडत दुकानी हमालांच्या टोळ्यांचा हिशेब संगणकावर ठेवीत. एका दुपारी ऐन तोलाच्या वेळी वीज गेली. परत आली तेव्हा फाइलचे नाव जागच्या जागी होते. आत एक अक्षर नव्हते. सकाळपासून किती पोती वाहिली हे सांगायला खांदे होते, पण खांद्यांची साक्ष कोण धरतो? मुनीमजींनी कच्ची वही राखली होती म्हणून त्या दिवसाची मजुरी निघाली.

नाव उरावे आणि मजकूर जावा, हे घडते कसे? फाइल बदलताना शहाणा कार्यक्रम जुनी फाइल खोडत नाही. तो नवी लिहितो आणि मग जुन्या फाइलचे नाव नवीला देतो. पण नाव देण्याचे काम डिस्कवर आधी उतरले आणि मजकूर मागे राहिला, तर जुने जाते आणि नवेही येत नाही. २००९ साली लिनक्सच्या एक्स्ट-फोर या नव्या फाइल-व्यवस्थेवर अनेकांच्या फाइली अशाच रिकाम्या झाल्या. व्यवस्थेचे रचनाकार थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की, कार्यक्रमाने 'एफसिंक' मागायला हवे होते. नियमाने ते बरोबरच होते. तरीही पुढे त्यांनीच व्यवस्थेत दुरुस्ती केली, हे त्यांच्या मोठेपणाचे.

हे एफसिंक १९८३ च्या बर्कले युनिक्समध्ये आले. 'ही फाइल आत्ता, माझ्यादेखत पक्की कर. तोवर मी उभा राहतो,' असा त्याचा अर्थ. कार्यक्रमाच्या हाती आलेला हा पहिला मोठा हक्क. पण महागडा, कारण प्रत्येक वेळी काम खोळंबते. त्याआधीच सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाबेससाठी दुसरा नियम रूढ केला होता: आधी रोजकीर्द, मग खतावणी. रोजकीर्द पक्की असली म्हणजे खतावणी केव्हाही नव्याने उभी करता येते. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन यांनी १९९२ साली सहकाऱ्यांसह याच विचाराची एरीज नावाची पद्धत मांडली. आमच्या मोंढ्यातल्या मुनिमांना यात नवल वाटणार नाही.

पण बहुतेक वेळा कार्यक्रमाला 'आत्ताच' नको असते; 'याच्या आधी ते नको' एवढेच हवे असते. पत्र एका पेटीतून दुसरीत हलवायचे आहे. नव्या पेटीत प्रत आधी पोचावी, जुनीतून नंतर काढावी. दोन्ही दहा सेकंद उशिरा झाले तरी कोणाचे काय बिघडते? एफसिंक मात्र क्रम हवा असेल तर घाईचेही दाम वसूल करते. २००७ साली लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एडी कोलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फेदरस्टिच नावाची रचना मांडून ही गाठ सोडवली. बदलांचे गट कार्यक्रमाने बांधावेत, कोणता गट कोणाच्या मागून हे त्यानेच सांगावे, आणि त्या मर्यादेत डिस्ककडे केव्हा पाठवायचे ते व्यवस्थेने सोयीने ठरवावे. पत्रांच्या पेटीचेच उदाहरण त्यांनी एका टपाल-कार्यक्रमावर चालवून दाखवले. २०१३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील मंडळींनी ऑप्ट-एफएसमध्ये क्रम आणि पक्केपणा यांची मागणी वेगळी केली. मला ही वाटणी न्याय्य वाटते. काम कोणत्या क्रमाने झाले पाहिजे हे काम करणाराच जाणतो; गोदाम कसे लावायचे ते गोदामवाल्याने पाहावे.

लिनक्सच्या मुख्य प्रवाहात या रचना आल्या नाहीत. कार्यक्रम लिहिणारे अंदाजानेच चालत राहिले, आणि २०१४ साली त्याच विस्कॉन्सिनच्या मंडळींनी अकरा नावाजलेले कार्यक्रम तपासले तेव्हा वीज गेल्यावर घात करतील अशा साठ जागा निघाल्या.

त्याहून मोठा धक्का २०१८ मध्ये बसला. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. डिस्कवर लिहिणे फसले तर लिनक्स त्याला एकदा तसे सांगे. पण न उतरलेला मजकूर उतरला असे समजून त्यावरची खूण पुसून टाकी. पोस्टग्रेसने पुन्हा विचारले की उत्तर येई, 'सर्व ठीक.' कित्येक वर्षे तो त्या शब्दावर विसंबला होता. फेब्रुवारी २०१९ पासून त्याने रीत बदलली. लिहिणे फसल्याचे कळताच तो पुन्हा विचारीत बसत नाही. सरळ काम थांबवतो आणि रोजकीर्दीवरून हिशेब पुन्हा उभा करतो. आमच्या भाषेत याला काय म्हणतात ते नांदेडच्या गिरणी कामगारांना सांगायला नको.